वाळू तापली तेव्हा: कोकणातल्या एका कासव हॅचरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला, दापोली-मंडणगड पट्ट्यातलं एक गाव. किनारा फार मोठा नाही, एका टोकाला खाडीचं मुख, दुसऱ्या टोकाला खडक, मध्ये सपाट वाळू. गावाचं आणि माणसांची नावं देत नाहीये, कारण कोण चुकलं हे ठरवायला हे लिहिलेलं नाही, आणि ज्यांना ओळखायचंय ते तसंही ओळखतीलच. माझं काम त्या हंगामात रजिस्टर आणि पुढे सुरू झालेल्या तापमानाच्या नोंदी बघायचं होतं, म्हणून आकडे आणि वाद दोन्ही जवळून बघायला मिळाले.

इथे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. ओडिशात गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्याला हजारोंनी एकदम येतात तसं आपल्याकडे नाही, इथे एकेकटी येते, घरटं करते, निघून जाते. (पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं बरेच जण धरून चालायचे, आणि मग २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. समुद्रात यांचं काय चालतं ते आपल्याला फार थोडं कळलंय.)

मादी भरतीच्या रेषेच्या वर येऊन मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, वर अरुंद आणि खाली पसरट. त्यात शंभर-सव्वाशे अंडी, टेबल टेनिसच्या बॉलएवढी, कवच मऊ, दाबलं तर खळगा पडतो. मग वाळू ओढते आणि अंगाने थोपटून थोपटून बसवते. एवढं सगळं तासाभरात उरकतं आणि ती परत पाण्यात. त्या अंड्यांची किंवा पिल्लांची तिची परत कधी गाठ पडत नाही. म्हणजे पिल्लांसाठी आई जे काही करते ते फक्त जागा निवडण्यात आणि खड्डा करण्यात. किती वर, किती खोल, उघड्यावर की वेलींच्या आडोशाला, बस एवढंच. आणि एक गोष्ट विसरायची नाही की ती एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा, वेगवेगळ्या जागी घरटी करते. एखादं भरतीत जाईल, एखादं कोल्हा उकरेल, एखादं तापेल, पण सगळी एकाच कारणाने जाणार नाहीत.

आता हॅचरी, म्हणजे किनाऱ्यावरची अंडी आणून राखायचं कुंपण, का आली ते थोडक्यात. पूर्वी अंडी लोक उकरून न्यायचे, खायला किंवा बाजारात, आणि जी माणसांकडून वाचायची ती कुत्री आणि कोल्हे संपवायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्ष आले, गावोगावी कासवमित्र नेमले गेले. पद्धत साधी आहे: पहाटे किनारा चालायचा, मादीचा माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी काही तासांच्या आत काढून हॅचरीत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची, पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे त्यामुळे हे सगळं वनविभागाच्या परवानगीनेच. कुणी गेला आणि अंडी हलवली असं चालत नाही, पुढे हा मुद्दा परत येईल.

या गावातली हॅचरी आधी सुरूच्या बनाला लागून होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बन बरंचसं आडवं झालं. हॅचरी मात्र तिथेच राहिली, कारण जागा ठरलेली, कुंपण होतं, होमस्टेवाल्यांपासून जवळ, पर्यटकांना गाडी लावून चालत जाता येतं. सावली गेली ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती, पण तिचा आणि अंड्यांचा संबंध त्यावेळी कुणी जोडला नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचे एकदोन हंगाम तसे बरे गेल्यामुळे जोडायची गरजही वाटली नाही.

अडचण

ज्या हंगामाबद्दल बोलतोय त्यात कासवं उशिरा आली. डिसेंबर जवळजवळ रिकामा, जानेवारीच्या शेवटी जोर धरला, आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्येच जास्त घरटी. म्हणजे ही अंडी वाळूत असणार मार्च-एप्रिल आणि थोडी मेमध्ये.

पहिली खूण रजिस्टरमध्येच होती. जानेवारीची घरटी पंचावन्नच्या आसपास दिवसांनी फुटली. फेब्रुवारीतली पन्नासच्या आत आली. त्यानंतरची आणखी लवकर. सगळे खूश, पिल्लं लवकर येतायत म्हणजे चांगलंच की. पण अंड्यातली वाढ वाळूच्या तापमानावर चालते, वाळू गरम तर दिवस कमी, त्यामुळे दिवस भराभर कमी होणं हा आकडाच एक प्रकारचा थर्मामीटर आहे, फक्त तो तसा वाचायला हवा.

मग एप्रिलच्या मध्याला, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं एक घरटं आलं. आलं म्हणजे काय, शंभरच्या वर अंड्यांतून वीसेक पिल्लं, तीही सुस्त. वाळूवर सोडली तर काही लगेच निघाली, काही मान टाकून बसून राहिली. त्याच्या शेजारचं घरटं तारीख उलटून गेली तरी गप्पच. कासवमित्र, त्यांना इथे दादा म्हणतो, पंधरा-वीस वर्षं हेच काम करणारा माणूस, रोज घरट्यावर झाकलेली टोपली उचलून वाकून बघायचे आणि टोपली परत ठेवायचे.

वनरक्षक मॅडमना कळवलं, त्यांनी वर विचारून परवानगी आणली आणि ते घरटं उकरायचं ठरलं. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. वरची वाळू काढली तसा वास आला. दादा हातानेच एकेक अंडं काढून कापडावर मांडत होते. फोडून बघितली तर काहींत नुसता बलक, काहींत छोटासा ठिपका, पण बहुतेकांत पूर्ण झालेलं पिल्लू, काळसर, पाठीवरचे कंगोरेसुद्धा नीट उमटलेले, पोटाला बलकाची पिशवी अजून लागलेली. म्हणजे शेवटच्या आठ-दहा दिवसांत कधीतरी मेलेलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मॅडम, इथवर येऊन मेलीत ही."

कारण शोधताना

हा मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो, कारण पहिल्या अर्ध्या तासात तीन जणांनी तीन कारणं सांगितली आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं.

एक म्हणाला अंडी आणतानाच हलली असणार, त्या दिवशी घरटं लांबच्या टोकाला होतं, बादली बाईकवर आणली. शंका रास्त होती. अंडं घातल्यानंतर काही तासांत गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटसुलट झालं की तो तुटून मरतो. पण तसं झालं असतं तर मरण सुरुवातीला आलं असतं, ठिपक्याएवढा गर्भ सापडला असता. इथे पिल्लं पूर्ण वाढलेली. दुसरा म्हणाला अंडी फळलीच नसतील, तर ते पिल्लं बघूनच निकालात निघालं. तिसऱ्याने बुरशी म्हटलं. बुरशी होतीच, पण मेलेल्या अंड्यावर ती येणारच, आधी कोण आलं ते तिच्याकडे बघून कळत नाही.

चौथी होती पुण्याहून आलेली एक अभ्यासक मुलगी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी महिनाभर गावात राहत होती. तिने फक्त हॅचरीचा नकाशा मागितला, कुठलं घरटं कुठे. उरलेल्या सुरूच्या दोन-तीन झाडांची सावली दुपारी हॅचरीच्या एका कोपऱ्यावर पडायची. त्या कोपऱ्यातली घरटी ठीक गेली होती. उघड्या बाजूची बिघडत चालली होती. तारखा जवळजवळ त्याच, अंडी आणणारे हात तेच. मग संशय उन्हावर आला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दीड फुटावर दुपारचं ऊन थेट पोचत नाही. वरची वाळू दुपारी पाय ठेववत नाही एवढी तापते आणि रात्री गार होते, पण खाली हा चढउतार जवळजवळ मरतो, तिथे मिळते ती कित्येक दिवसांची सरासरी. त्यामुळे एका दिवसाच्या उन्हाने काही होत नाही, पण मार्च-एप्रिलची उष्णता हळूहळू खाली मुरते आणि मग रात्रीही जात नाही. शिवाय शेवटच्या टप्प्यात शंभर पिल्लांची स्वतःची उष्णता मिळते, त्याने घरट्याचा मध्य आजूबाजूच्या वाळूपेक्षा अंशा-दोन अंशांनी, कधी जास्तही, वर जातो. म्हणजे सगळ्यात जास्त ताप नेमका शेवटच्या आठवड्यांत, आणि पिल्लं मेलेली सापडली तीही त्याच वयाची.

३५ अंशांच्या वर घरटं टिकून राहिलं तर ऑलिव्ह रिडलेचे गर्भ तगत नाहीत असं कोस्टारिकातल्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर दिसलेलं आहे. आमच्याकडे मात्र तोवर वाळूत एकदाही थर्मामीटर घातला गेला नव्हता. एवढ्या वर्षांची रजिस्टरं आहेत, अंडी किती, पिल्लं किती, पाहुणे कोण आले, सगळं लिहिलंय, तापमानाचा रकानाच नाही.

मोजायचं कसं

तापमान आपोआप नोंदवणारे महागडे लॉगर मागवायला वेळ नव्हता. फिश टँकवाले वापरतात तसे लांब वायरचे डिजिटल थर्मामीटर दापोलीहून आणि ऑनलाईन मिळून अर्धा डझन जमवले. आधी सगळे एकाच ग्लासात पाण्यात ठेवले, मग वितळत्या बर्फात. एक वेडंवाकडंच दाखवत होता, तो बाजूला काढला, बाकीच्यांचा फरक चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच अंगावर लावला. हे पाच मिनिटांचं काम न करता केलेल्या नोंदींना काही अर्थ नसतो, स्वस्त यंत्र चालतं पण त्याची खोड माहीत पाहिजे.

चालू घरट्यांत वायर खुपसायची नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून घरट्यापासून वीतभर लांब, तेवढ्याच खोलीवर घातली. शिवाय एक उघड्या हॅचरीत अंडी नसलेल्या जागी, एक सुरूच्या सावलीत, एक भरतीच्या रेषेजवळ मर्यादवेलीच्या (वाळूवर पसरणारी किनाऱ्यावरची वेल) कडेला.

दोन-तीन दिवसांत चित्र दिसलं. उघड्या भागात रिकामी वाळूच ३३ च्या आसपास, घरट्यांच्या बाजूला ३४ च्या पुढे, तेही बाहेरून, आत मध्यात किती असेल ते सोडाच. सुरूखाली ३० ते ३१. वेलीच्या कडेची वाळूही उघड्या हॅचरीपेक्षा थंड निघाली, आणि ती बघून दादा म्हणाले, "म्हणजे तिने घातली होती तिथे ठेवली असती तर?" याला कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं, कारण तिथे ठेवली असती तर कुत्र्यांनी ठेवली नसती.

कुठले पर्याय होते

त्या रात्री होमस्टेच्या ओट्यावर मीटिंग झाली. दादा, मॅडम, ती अभ्यासक, पंचायतीचे दोघे, होमस्टेवाल्या काकू आणि मी.

काहीच न करणं हाही पर्याय कुणीतरी मांडला. निसर्गाचं निसर्ग बघेल, हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात, मग एवढी धावपळ कशाला. मला हे पटलं नाही. उघड्या किनाऱ्यावरच्या घरट्याबद्दल हे बोलता येईल, पण जी अंडी आपण आईने निवडलेल्या जागेवरून उचलून आपल्या सोयीच्या जागी आणली तिथे निसर्गाचं नाव पुढे करता येत नाही. आणि आपण नुसती जागा बदलली असंही नाही, किनाऱ्यावर विखुरलेली घरटी एका चौकोनात आणली, एकसारखी वाळू, एकसारखं ऊन. विखुरलेली असताना जो धोका वाटून जात होता तो आता सगळ्यांवर एकदम येतो.

घरटी उचलून सावलीत हलवणं. दादांचा कल इकडे होता. मॅडमनी नकार दिला. अर्ध्यावर आलेली अंडी हलवण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा, आणि लेखी परवानगीशिवाय तर प्रश्नच नाही. इथे थोडी गरमागरमी झाली. दादा म्हणाले, "मॅडम, कागद यायच्या आत ही शिजतील." तरी मला वाटतं निर्णय योग्यच होता.

पाणी मारणं. सोपं वाटतं पण त्यात बरेच काटे आहेत. खारं पाणी मारलं तर क्षार साठतात आणि अंडी ओलावा गमावतात. गोडं पाणी मारायचं तर एप्रिलमध्ये गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात हंड्याला रांग, हे कोकणाबाहेरच्या लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. काकू सरळ म्हणाल्या, "माणसांना पाणी नाही आणि वाळूला घालणार?" शिवाय पाणी जास्त झालं तर वाळूतली हवा जाते आणि अंडी गुदमरतात, वाळू घट्ट बसली तर पिल्लांना वर येता येत नाही.

खोल पुरणं, नवीन घरट्यांसाठी. खाली थोडं गार मिळतं पण मादी जेवढं खणते त्यापेक्षा खोल गेलं की पिल्लांना वरची वाळू फोडताना दम लागतो. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

शेडनेट. पॉलीहाऊसला वापरतात ती हिरवी जाळी, पन्नास टक्के ऊन अडवणारी. स्वस्त, एका दिवसात लागते, नको झाली तर काढता येते. जवळजवळ सगळ्यांचं यावर एकमत होत होतं, तेवढ्यात त्या मुलीने विचारलं, "पण मग नर-मादीचं काय?"

हा प्रश्न समजावून सांगायला तिला अर्धा तास लागला. समुद्री कासवांत पिल्लू नर होणार की मादी हे बापाकडून आलेल्या कुठल्या गुणसूत्रावर नसतं, ते अंड्याच्या मधल्या टप्प्यातल्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही मिळतात, त्याखाली नर वाढतात, वर गेलं की माद्या. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातली हिरवी कासवं २०१८ साली तपासून झाली तेव्हा लहान वयाच्या कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या होत्या. म्हणजे आमची उघडी हॅचरी पिल्लं मारत नव्हती तेव्हाही बहुधा फक्त माद्या काढत होती, आणि जाळी लावून जास्त गार केली तर उलट होईल. बाहेरून पिल्लाकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे आपण काय केलं ते कळायलाही मार्ग नाही, फक्त तापमानावरून अंदाज.

पंचायतीतले एक जण वैतागले, म्हणाले आता काय पिल्लांची जनगणना करायची का. हसले सगळे. पण प्रश्न राहिलाच.

काय ठरलं

शेवटी असं ठरलं की नर-मादी जमवायला जायचं नाही, तेवढी आपली अक्कल नाही. ध्येय एकच, ३३ च्या वर जाऊ द्यायचं नाही. ज्या घरट्यांचे निम्म्याहून जास्त दिवस झालेत त्यांच्यावर जाळी लगेच, कारण त्यांचं नर-मादी जवळपास ठरून गेलेलं आणि आता फक्त जगण्याचा प्रश्न. मार्चअखेरची घरटी त्या मधल्या टप्प्यात होती, त्यांच्यावर जाळी फक्त नोंद ३२ च्या वर गेली तर. एप्रिलमध्ये नवीन घरटं आलं तर ते मुख्य हॅचरीत आणायचंच नाही, सुरूखाली छोटं दुसरं कुंपण करायचं. आणि जागा सुरक्षित वाटली तर एखादं घरटं आईने घातलं तिथेच ठेवून वर लोखंडी जाळीचा पिंजरा लावायचा. पाणी फक्त जाळीखालच्या एका भागात, संध्याकाळी, झारीने, वापरलेलं सांडपाणी नव्हे, साधं गोडं पाणी, आणि तेही आठवड्यातून दोनदाच.

आणखी एक निर्णय झाला आणि त्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. हॅचरीत घरट्यावर टोपली ठेवतात, रात्री पिल्लं वर आली की टोपलीखाली राहतात, सकाळी पर्यटक जमल्यावर सोडतात. पिल्लं मुळात वाळू गार झाल्यावरच वर येतात, बहुतेक रात्रीच, आणि त्या पहिल्या जोरातच त्यांना लाटा पार करून खोल पाण्यात पोचायचं असतं. टोपलीखाली चार तास धडपडत राहिली की तो जोर तिथेच संपतो. मॅडम म्हणाल्या रात्रीतून दर दोन तासांनी बघायचं आणि आली की सोडायची. काकूंचा जीव वरखाली, "लोक मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवून येतात, सकाळी त्यांना काय रिकामी टोपली दाखवू?" आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. गावात कासव वाचतं त्याचं मोठं कारण हेच आहे की त्यातून चार घरांना पैसे मिळतात, पूर्वी अंडी उकरणाऱ्या घरातली मुलं आता कासवमित्र आहेत ती काही व्याख्यानं ऐकून नाही झाली. तडजोड अशी निघाली की मध्यरात्री आलेली पिल्लं लगेच जातील, पहाटे चारनंतरची उजाडताच, पर्यटक असोत नसोत, पण ज्यांना बघायचंय त्यांना पहाटे पाचला उठवायचं काम होमस्टेवाल्यांचं. लाल कागद लावलेले टॉर्च, फ्लॅश नाही.

पुढे काय झालं

जाळी दोन दिवसांत लागली. बांबू गावातलेच, माणसाच्या डोक्यावर येईल एवढ्या उंचीवर, बाजू मोकळ्या म्हणजे वारा खेळतो. पहिले तीन-चार दिवस खालच्या नोंदी हलल्याच नाहीत आणि दादा म्हणायला लागले की उपयोग नाही. वर सांगितलं तसं, मुरलेली उष्णता मुरायला लागली तेवढाच वेळ निघायला घेते. आठवडा उलटल्यावर दीड ते दोन अंशांचा फरक स्थिर दिसायला लागला.

त्यानंतरच्या घरट्यांतून निम्म्याहून जास्त पिल्लं आली. जानेवारीसारखी नाही, पण त्या वीस पिल्लांच्या घरट्यापेक्षा खूपच बरी, आणि चालणारी. पाणी मारलेल्या आणि न मारलेल्या भागात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. दिसला असता तरी विश्वास ठेवणं कठीण होतं, कारण मेच्या सुरुवातीला दोन दिवस वळवाचा चांगला पाऊस झाला आणि त्याने सगळ्याच नोंदी एकदम खाली आणल्या. म्हणजे मेमधली घरटी जाळीने वाचली की पावसाने, हे प्रामाणिकपणे वेगळं करता येत नाही. जाळी नसलेलं एखादं घरटं तुलनेला ठेवायला हवं होतं असं विज्ञान सांगेल, पण त्यावेळी ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणाची ते म्हणायची छाती झाली नसती.

सुरूखालची दोन घरटी उशिरा फुटली, पण नीट. त्यांच्यापैकी एकात मुंग्या शिरल्या आणि बरीच पिल्लं अंड्याला चीर पडल्या पडल्याच गेली. सावलीच्या जागेला तिचे स्वतःचे धोके असतात, झाडांची मुळंही अंड्यांपर्यंत येतात. जागेवर पिंजऱ्यात ठेवलेल्या दोन घरट्यांपैकी एक खाडीच्या बाजूला उधाणाच्या भरतीत बुडालं. दुसरं मर्यादवेलीच्या कडेचं, त्यातून एका रात्रीत जवळजवळ सगळी पिल्लं बाहेर आली, कुणी बघितलंही नाही, सकाळी फक्त पिंजऱ्यातून पाण्याकडे गेलेले बारीक माग होते आणि दादांनी उकरून रिकामी कवचं मोजली.

पहाटे पाचचं प्रकरण सुरुवातीला फसलं, दोन कुटुंबं चिडून गेली. नंतर मात्र काकूंनीच आदल्या रात्री जेवणं वाढताना सांगायला सुरुवात केली की उठलात तर दिसेल, नाही उठलात तर नशीब. लोक उठायला लागले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी थर्मामीटर. डिसेंबरमध्ये, पहिल्या घरट्याबरोबर, अंडी ठेवतानाच मधोमध वायर ठेवली तर बाहेरून अंदाज करत बसावं लागत नाही. खर्च म्हणाल तर एका पाहुण्याच्या मच्छीच्या ताटाएवढा. आणि दिवसांचा आकडा वाचायची सवय: लागोपाठची घरटी पन्नासच्या आत यायला लागली की तोच इशारा समजायचा, मेलेलं घरटं सापडायची वाट बघायची नाही.

जाळी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गोदामात तयार पाहिजे. एप्रिलच्या मध्याला निर्णय झाला तेव्हा निम्मा हंगाम शिजून गेला होता. कधी लावायची तो आकडा आधी ठरलेला असला की ओट्यावर रात्री अकरापर्यंत बसावं लागत नाही.

हॅचरी एकच का, हा प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो. दोन-तीन लहान कुंपणं, एक उघड्यावर, एक अर्ध्या सावलीत, अशी असती तर नर-मादीचा प्रश्नही थोडा आपोआप सुटला असता, गार जागेत एक निघेल, गरम जागेत दुसरं, जसं आधी किनाऱ्यावर होत होतं. अडचण माणसांची आहे. रात्रीची राखण एका जागेची करायला दोन माणसं पुरत नाहीत, तिथे तीन जागांची कोण करणार, आणि कासवमित्रांचं मानधन किती असतं ते विचारू नका.

मर्यादवेलीचंही बघायला हवं. किनारा स्वच्छतेच्या नावाखाली दर वर्षी जेसीबी फिरतो, प्लास्टिकबरोबर वेलही जाते आणि वाळू सपाट, उघडी, फोटोत छान. त्या एका पिंजऱ्यातल्या घरट्यानंतर दादांनी पंचायतीत उभं राहून सांगितलं की खाडीकडचा पट्टा हाताने साफ करू, मशीन नको. ठराव झाला.

सुरू परत लावायचा की नाही यावर मात्र अजून दोन गट आहेत. सावली लवकर देतो हे खरं, पण मूळचं इथलं झाड नाही आणि त्याखाली दुसरं काही फार उगवत नाही. वनविभागाकडे रोपं सुरूचीच तयार असतात. मॅडमची बदली झाली, नव्या साहेबांसमोर हा विषय परत पहिल्यापासून मांडावा लागणार आहे, त्यासाठी त्या हंगामाचं रजिस्टर झेरॉक्स करून ठेवलंय, तापमानाच्या रकान्यासकट.